सॉफ्टवेअरच्या पोटातला ब्राउझर

नंदगडच्या पेठेत किंवा खानापुरात 'झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, उतारा, डीटीपी' अशी पाटी असलेल्या दुकानात कंप्युटर बहुधा एकच असतो. सकाळी त्यावर शेतकऱ्याचा उतारा निघतो, दुपारी कुणाच्या पोराचा जातीचा नि उत्पन्नाचा दाखला भरला जातो, संध्याकाळी त्याच मशीनवर दुकानाचा हिशेब आणि जीएसटीचं विवरणपत्र. २०२३च्या जुलैत कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेची नोंदणी सुरू झाली तेव्हा ग्रामवन या सरकारी सेवा केंद्रांवर बायकांची रांग लागली होती. तिथंही त्यांची सगळी माहिती अशाच एखाद-दुसऱ्या मशीनवरून सरकारकडे गेली. या मशीनवर विंडोज घालून देणारा माणूस बेळगावहून येतो, एक खातं उघडून देतो आणि जातो. ते खातं अ‍ॅडमिनचं असतं. दुसरं खातं कुणी कधी उघडतच नाही.

ब्राउझरबद्दल आता बऱ्याच जणांना बरंच ठाऊक झालं आहे. अनोळखी लिंकवर टिचकी मारायची नाही, बँकेच्या साइटचा पत्ता नीट वाचायचा, ओटीपी कुणाला सांगायचा नाही. हे सगळं आपण क्रोम किंवा एज समोर उघडा असताना पाळतो. मशीनमध्ये आणखी पाच-सहा ब्राउझर लपलेले असतात आणि त्यांच्यापुढं आपण हे नियम विसरतो, कारण ते ब्राउझर आहेत असं वाटतच नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडं येणारी 'नवीन काय' ही पट्टी, अँटिव्हायरसची 'नूतनीकरण करा' म्हणणारी खिडकी, प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली नोंदणीची चौकट, गेमच्या लाँचरमधलं दुकान, सॉफ्टवेअरमध्ये 'लॉगिन' दाबल्यावर येणारा फॉर्म, मदतीसाठी एफ१ दाबलं की उघडणारं पान, यातलं बरंचसं वेबपेजच असतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं स्वतःची खिडकी रंगवत बसण्यापेक्षा आत एक ब्राउझर बसवला आणि त्यात पान दाखवलं, एवढंच.

असं करणं चुकीचं नाही. आज बरीच सॉफ्टवेअरं अशीच बनतात. क्रोमचा गाभा असलेलं क्रोमियम फुकट मिळतं, मायक्रोसॉफ्टचं वेबव्ह्यू-२ तर विंडोज ११ मध्ये आधीपासूनच असतं. भानगड सुरू होते ती असं सॉफ्टवेअर 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून चालवलं जातं तेव्हा.

ओळखायचं कसं

संशय आला की अशा पट्टीवर किंवा खिडकीवर उजवी टिचकी मारून पाहा. 'बॅक', 'रीलोड', 'प्रिंट', 'सेव्ह अ‍ॅज' असा मेनू आला तर आत ब्राउझर आहे. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवलं आणि अक्षरं लहानमोठी झाली, तरी तीच खूण. हुशार कंपन्या हा मेनू बंद ठेवतात, त्यामुळं तो आला नाही म्हणून ब्राउझर नाही असं धरू नका.

पक्कं पाहायचं तर टास्क मॅनेजर उघडा आणि 'डिटेल्स'मध्ये जा. वरच्या रकान्यांच्या नावांवर उजवी टिचकी, 'सिलेक्ट कॉलम्स', आणि यादीतला 'एलिव्हेटेड' हा रकाना चालू करा. आता प्रत्येक प्रोग्रॅमपुढं 'यस' किंवा 'नो' दिसेल. ज्यांच्या नावात वेबव्ह्यू-२, सेफशार्प, क्यूटी वेबइंजिन असं काही आहे ते कुणाच्या तरी पोटातले ब्राउझर. त्यांच्या किंवा त्यांना चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या पुढं 'यस' असेल तर ते नाव कागदावर लिहून ठेवा. हा लेख त्या यादीबद्दलच आहे.

अधिकार कुणाचा चालतो

आपल्याकडच्या जुन्या घरात परका माणूस आला तर तो सोप्यात बसतो. पाणी सोप्यात, चहा सोप्यात, बोलणंही तिथंच. माजघरात त्याला कुणी नेत नाही. चांगला ब्राउझर नेमकं हेच करतो. २००८ मध्ये क्रोम आला तेव्हापासून त्याची रचनाच अशी आहे की वेबपेजचा कोड एका वेगळ्या, हातपाय बांधलेल्या प्रोसेसमध्ये चालतो. त्याला तुमच्या फायलींना हात लावता येत नाही, काही हवं असेल तर मुख्य ब्राउझरकडं मागावं लागतं. याला सँडबॉक्स म्हणतात. पान कितीही वाईट असलं तरी ते आधी सोप्यातून बाहेर पडायला हवं, मग पुढचं.

आता अ‍ॅडमिन म्हणून चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं बघा. विंडोजचा साधा नियम असा, की एका प्रोग्रॅमनं दुसरा सुरू केला तर दुसऱ्याला पहिल्याचेच अधिकार मिळतात. तुम्ही 'यस' दाबून हिशेबाच्या सॉफ्टवेअरला पूर्ण अधिकार दिले, त्या सॉफ्टवेअरनं आतला ब्राउझर उघडला, त्या ब्राउझरनं बाहेरचं पान आणलं. पानाचा कोड सँडबॉक्समध्ये असला तरी त्याला सांभाळणारी मुख्य प्रोसेस आता अ‍ॅडमिन आहे. भिंत तेवढी एक उरली. आणि कित्येक ठिकाणी तीही नसते. काही बनवणारे 'आमचंच पान तर दाखवायचं आहे' म्हणून सँडबॉक्स बंद करून टाकतात.

दुसरी गोष्ट जास्त साधी आणि जास्त नेहमीची. अशा खिडकीतून एखादी फाइल उतरवली आणि तिथूनच उघडली, तर ती फाइलही त्याच अधिकारात चालते आणि विंडोज तुम्हाला पुन्हा विचारत नाही. एरवी स्क्रीन अंधारून 'या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का' अशी जी चौकट येते, ती येत नाही. कारण होकार तुम्ही सकाळी हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडतानाच देऊन टाकलेला असतो.

सीमाभागातल्या आपल्या लोकांची यात आणखी एक अडचण आहे. अर्ज कन्नडमध्ये, विंडोजची चौकट इंग्रजीत, आणि समोरचं गिऱ्हाईक मराठीत घाई करत उभं. चौकट वाचायला वेळ कुणाला आहे? हात आपोआप 'यस'वर जातो. ही सवय कुणाच्या अडाणीपणामुळं लागलेली नाही, कामाच्या रेट्यानं लागली आहे. म्हणून 'नीट वाचत जा' असा उपदेश करण्यात फारसा अर्थ नाही. 'यस' दाबून भागणारच नाही अशी व्यवस्था करणं जास्त उपयोगाचं. ती पुढं सांगतो.

खुद्द विंडोजच्याच चौकटीतून

हा धोका पुस्तकी नाही. याचं सर्वांत बोलकं उदाहरण खुद्द मायक्रोसॉफ्टच्या घरातलं आहे, आणि ते त्याच 'यस-नो'च्या चौकटीचं आहे.

ती चौकट आली की 'अधिक माहिती' दाबून प्रोग्रॅम बनवणाऱ्याचं प्रमाणपत्र पाहता येतं. त्या प्रमाणपत्रात ते देणाऱ्या संस्थेचं नाव असतं, आणि काही जुन्या प्रमाणपत्रांत त्या नावावर लिंक असायची. लिंक दाबली की इंटरनेट एक्स्प्लोरर उघडायचा. तो कुणाच्या अधिकारात? ही चौकट दाखवणारी प्रोसेस 'सिस्टीम' या नावानं चालते, म्हणजे अ‍ॅडमिनच्याही वर. ब्राउझर तिच्यातूनच सुरू झाल्यामुळं तोही 'सिस्टीम'. मग चौकटीवर 'नो' दाबलं तरी ब्राउझर मागं उघडाच राहायचा. त्याच्या 'सेव्ह अ‍ॅज'च्या खिडकीतून मशीनवरचा हवा तो प्रोग्रॅम त्याच अधिकारात चालवता यायचा. ज्याच्याकडं अ‍ॅडमिनचा पासवर्डच नाही असा माणूस, काही न फोडता, नुसत्या टिचक्या मारत मशीनचा मालक व्हायचा.

ही त्रुटी सीव्हीई-२०१९-१३८८ या क्रमांकानं नोंदली गेली आणि नोव्हेंबर २०१९च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टनं ती बुजवली. तरीही एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, सिसानं, तिला प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत घातलं. पॅच येऊन तीन वर्षं उलटून गेली होती, पण ज्यांनी अपडेट केलंच नव्हतं अशी मशीनं उरली होती. 'अपडेट केलं की मशीन स्लो होतं' असं म्हणून अपडेट बंद करून ठेवणारे आपल्याकडं काही कमी नाहीत.

अँटिव्हायरसवाल्यांनी तर यात आणखी कमाल केली आहे. २०१६च्या जानेवारीत गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधले टॅव्हिस ऑर्मंडी यांनी ट्रेंड मायक्रोच्या अँटिव्हायरससोबत येणारा पासवर्ड मॅनेजर तपासला. कुठलंही वेबपेज त्याच्यामार्फत मशीनवर हवी ती आज्ञा चालवू शकत होतं. शिवाय आत 'सिक्युअर ब्राउझर' म्हणून जे दिलं होतं ते कित्येक आवृत्त्या जुनं क्रोमियम, आणि त्याचा सँडबॉक्सच बंद. पुढच्याच महिन्यात त्यांनी कोमोडोच्या 'क्रोमोडो' ब्राउझरबद्दल उघड केलं, की एका साइटनं दुसऱ्या साइटची माहिती वाचू नये हा वेबचा मूलभूत नियमच तिथं बंद केलेला होता. कंपन्यांनी नंतर दुरुस्त्या केल्या. तरी माझा सल्ला स्पष्ट आहे: अँटिव्हायरसबरोबर 'बँकिंगसाठी खास सुरक्षित ब्राउझर' मिळाला तर तो वापरू नका. नेहमी अपडेट होणारा साधा क्रोम, फायरफॉक्स किंवा एज त्याहून भरवशाचा.

ब्राउझरची पूर्ण खिडकी नसली, नुसतं जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन असलं, तरी गोष्ट तीच. संशयित कोड तपासण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरमध्ये असं इंजिन होतं आणि ते 'सिस्टीम'च्या अधिकारात, सँडबॉक्सशिवाय चालायचं. मे २०१७ मध्ये ऑर्मंडी आणि नॅटली सिल्व्हानोविच यांनी त्यातली त्रुटी दाखवली. नुसता मेल आला आणि डिफेंडरनं तो तपासायला घेतला, एवढ्यानंही मशीन हातचं जाऊ शकत होतं. मायक्रोसॉफ्टनं दोन-तीन दिवसांत दुरुस्ती दिली आणि २०१८ मध्ये डिफेंडरला सँडबॉक्समध्ये चालवायची सोय केली.

आणि इंटरनेट एक्स्प्लोरर? १५ जून २०२२ला तो निवृत्त झाला असं आपण वाचलं. निवृत्त झालं ते आयकॉन. त्याचं इंजिन, एमएसएचटीएमएल, अजून विंडोजमध्ये आहे, कारण असंख्य जुनी सॉफ्टवेअरं त्याच्यावर चालतात. सप्टेंबर २०२१ मध्ये वर्डच्या फायलींतून याच इंजिनावर हल्ले झाले. जुलै २०२४ मध्ये उघड झालं की हल्लेखोर एका साध्या शॉर्टकट फायलीतून, विंडोज १० आणि ११ वरसुद्धा, हा निवृत्त ब्राउझर पुन्हा उघडायला लावत होते. आपल्याकडच्या जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरांत जी ब्राउझरची खिडकी आहे ती बहुधा याचीच.

आधी खातं बदला

करायची पहिली गोष्ट फुकट आहे आणि तासाभरात होते. रोजच्या कामासाठी वेगळं, साधं खातं उघडा.

सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, 'अ‍ॅड अकाउंट' असं जा. मायक्रोसॉफ्टचं खातं मागेल, तिथं 'या माणसाची माहिती माझ्याकडं नाही' आणि मग 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय वापरकर्ता जोडा' हे निवडा. नवं खातं आपोआप 'स्टँडर्ड' प्रकारचं होतं. त्याला दुकानाचं नाव द्या. जुनं अ‍ॅडमिन खातं काढू नका, त्याला मात्र चांगला पासवर्ड घाला आणि तो मालकाजवळ ठेवा. काउंटरवर बसणाऱ्या मुलाला तो लागत नाही. यापुढं कुठल्याही प्रोग्रॅमनं वरचे अधिकार मागितले तर 'यस' दाबून भागणार नाही, पासवर्ड द्यावा लागेल. घाईतला हात तिथं थांबतो.

बदलण्याआधी हिशेबाच्या डेटाची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क जुन्या खात्यातच राहतील, ते वेगळे आणावे लागतील. प्रिंटर आणि स्कॅनर नव्या खात्यात चालतो का ते गिऱ्हाईक नसताना पाहा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात किंवा जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या दाखल्यांच्या गर्दीत हे काम काढू नका.

मग हमखास ऐकू येणारं वाक्य: 'आमचं सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनशिवाय चालतच नाही.' दहापैकी बऱ्याच वेळा याचं कारण फुटकळ असतं. सॉफ्टवेअर आपला डेटा 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरात लिहू पाहतं आणि साध्या खात्याला तिथं लिहायची मुभा नसते. डेटाचा फोल्डर डी ड्राइव्हवर हलवा, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये नवी जागा सांगा. तशी सोय नसेल तर फक्त त्या एका फोल्डरवर, प्रॉपर्टीजमधल्या 'सिक्युरिटी'त जाऊन, दुकानाच्या खात्याला 'मॉडिफाय'चा हक्क द्या. आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कंपॅटिबिलिटी' या पानावर 'रन धिस प्रोग्रॅम अ‍ॅज अ‍ॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' अशी खूण कुणीतरी केव्हातरी करून ठेवलेली असते. ती काढून बघा. पुष्कळदा काहीच अडत नाही.

'यस-नो'ची चौकट त्रास देते म्हणून तिची पट्टी खाली ओढून 'नेव्हर नोटिफाय'वर ठेवलेली मशीनं मी पाहिली आहेत. 'युजर अकाउंट कंट्रोल' असं शोधा आणि ती पट्टी सर्वांत वर ओढा.

अधिकार द्यावेच लागले तर

काही सॉफ्टवेअरं खरोखरच वरचे अधिकार घेतल्याशिवाय चालत नाहीत. बॅकअपचं साधन, डिस्क सुधारायचं साधन, ड्रायव्हर बसवणारा इन्स्टॉलर. तिथं एकच शिस्त पाळायची: त्या खिडकीत वेबचं काहीही करायचं नाही. लिंक दाबायची नाही, लॉगिन करायचं नाही, नूतनीकरणाचे पैसे भरायचे नाहीत. लिंक हवीच असेल तर तिचा पत्ता कॉपी करा, सॉफ्टवेअर बंद करा आणि नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडा. पोटातल्या ब्राउझरला बहुधा पत्त्याची पट्टीच नसते. तुम्ही कुणाच्या साइटवर आहात हे कळायचा मार्ग नसताना कार्डाचा नंबर कसा द्यायचा?

एज हा ब्राउझर अ‍ॅडमिन म्हणून उघडला तरी स्वतःहून साध्या अधिकारावर उतरतो, आणि २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच अभियंत्यांनी ही युक्ती क्रोमियमलाही दिली. चांगलं झालं. पण सॉफ्टवेअरच्या आत बसवलेल्या ब्राउझरला ती लागू होत नाही.

डिजिटल सहीचं प्रकरण जरा नाजूक आहे. जीएसटीच्या सहीसाठी लागणारं ईएमसाइनर अ‍ॅडमिन म्हणून चालवायला सांगतात. आधारच्या बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिसही मशीनवर मागं चालू असते. दोन्हींची रीत सारखी: मशीनवर एक छोटा सर्व्हर चालतो, १२७.०.०.१ या पत्त्यावर, आणि ब्राउझर त्याच्याशी बोलतो. इथं पोटातला ब्राउझर नाही, उलट बाहेरचा ब्राउझर वरच्या अधिकाराच्या प्रोग्रॅमशी बोलतोय. धोक्याची जात मात्र तीच, ट्रेंड मायक्रोचं जे झालं ते याच वाटेनं. म्हणून सही झाली की ईएमसाइनर बंद करा आणि सही साठवलेलं यूएसबी टोकन काढून ठेवा. दिवसभर टोकन यूएसबीत आणि पिनची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली, हे दृश्य बेळगाव-निपाणीकडच्या कर सल्लागारांच्या ऑफिसात नवं नाही. काही ठिकाणी तर वीस-वीस व्यापाऱ्यांची टोकनं एका ड्रॉवरात असतात. व्यापाऱ्यांनो, टोकन तुमचं, सही तुमची, जबाबदारीही तुमची. सही करायच्या दिवशी घेऊन जा आणि परत आणा.

या साधनांच्या सेटअपमध्ये ब्राउझरच्या लाल इशाऱ्यावर 'अ‍ॅडव्हान्स्ड' आणि मग 'प्रोसीड' दाबायला शिकवतात. १२७.०.०.१ म्हणजे तुमचंच मशीन, तेव्हा तिथं ते चालतं. त्या एका पत्त्याखेरीज दुसऱ्या कुठल्याही पत्त्यावर तो इशारा ओलांडू नका, साइट सरकारी दिसली तरी.

जुनी विंडोज असलेल्यांसाठी थोडं. विंडोज ७ वर चालणारा शेवटचा क्रोम १०९ क्रमांकाचा, २०२३च्या सुरुवातीचा. त्यानंतरच्या त्रुटी त्यात तशाच आहेत, आणि क्रोमियम पोटात असलेल्या सॉफ्टवेअरांचंही तेच. गेमवाल्या स्टीमनं १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ सोडलं तेव्हा कारण हेच दिलं होतं, की आतला क्रोम आता जुन्या विंडोजवर चालत नाही. विंडोज १०चं नेहमीचं पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं. ज्यांचं मशीन ११ घेत नाही त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव अपडेटची नोंदणी करता येते. पैशाचं आणि सहीचं काम विंडोज ७ वर करू नका. जुनं मशीन झेरॉक्सच्या प्रिंटला लावा आणि इंटरनेटची वायर काढा.

हातातला फोन

फोनमध्ये 'अ‍ॅडमिन' असं खातं नाही, पण परवानग्या आहेत. एसएमएस वाचायची, संपर्क पाहायची, आणि सगळ्यांत जबर म्हणजे 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची, जिच्यामुळं अ‍ॅप तुमच्या वतीनं स्क्रीनवरची बटणं दाबू शकतं. अँड्रॉइडच्या अ‍ॅपमध्येही वेबव्ह्यू नावाचा ब्राउझर असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, वाहतुकीचा दंड किंवा किसान योजना अशा नावाची एपीके फाइल येते. ती बसवली की एसएमएसची परवानगी मागते आणि आतल्या वेबव्ह्यूत बँकेसारखं दिसणारं पान दाखवते. पानात तुम्ही नंबर भरता, ओटीपी अ‍ॅप स्वतःच वाचून घेतं. पान एकटं काही करू शकलं नसतं, परवानगी एकटी काही करू शकली नसती, दोन्ही एका पोटात आले म्हणून पैसे गेले. एपीके बसवू नका, अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या.

अँड्रॉइड ५ पासून, म्हणजे २०१४ पासून, वेबव्ह्यू प्ले स्टोअरमधून अपडेट होतो. 'अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू' शोधा आणि 'अपडेट' दिसत असेल तर दाबा. अ‍ॅपच्या आत उघडलेल्या पानावर पासवर्ड मागितला तर वरच्या तीन टिंबांतून 'क्रोममध्ये उघडा' निवडा. गूगलनं २०१७ मध्येच अशा आतल्या ब्राउझरमधून आपल्या खात्यात लॉगिन करू देणं बंद केलं, कारण आतल्या पानावर तुम्ही जे टाइप करता ते अ‍ॅपला दिसू शकतं.

विकणाऱ्याला काय विचाराल

पतसंस्था, दूध संस्था, अडत दुकान यांच्यासाठी सॉफ्टवेअर करून देणारी पोरं आता आपल्याच भागात आहेत. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे, आणि तिथल्या कॉलेजांतून शिकलेल्यांनी केलेली बिलिंगची सॉफ्टवेअरं खेड्यापाड्यात चालतात. त्यांच्याकडून घ्या जरूर, पण घेताना विचारा. अ‍ॅडमिनचे अधिकार का लागतात? आतलं पान कुठल्या इंजिनावर चालतं आणि ते कोण अपडेट करतं? लिंक दाबली तर बाहेरचा ब्राउझर उघडतो का, आणि तो साध्या अधिकारात उघडतो का? सँडबॉक्स चालू आहे का? उत्तर 'त्यात काय, सगळे असंच करतात' असं आलं तर पैसे खिशात ठेवा.

आणि करणाऱ्या पोरांना थेट सांगायचं तर: डॉटनेटमधला जुना 'वेबब्राउझर' कंट्रोल सोडा. काही न सांगता तो आजही इंटरनेट एक्स्प्लोरर ७ असल्यासारखा वागतो, म्हणजे २००६चा ब्राउझर. वेबव्ह्यू-२ घ्या आणि त्याची आपोआप अपडेट होणारी आवृत्ती घ्या, स्वतःच्या फोल्डरात गोठवलेली नको. इलेक्ट्रॉन वापरत असाल तर आवृत्ती २० पासून सँडबॉक्स आपोआप चालू असतो, यूट्यूबवरचा एखादा उपाय पाहून तो बंद करू नका. आतल्या खिडकीत तुमच्या ठरावीक पत्त्यांखेरीज दुसरं काही उघडूच देऊ नका. अधिकाराचं काम खरंच असेल तर ते एका छोट्या सर्व्हिसकडं द्या आणि चेहरा साध्या अधिकारात चालवा. यात आठवडाभर जास्त जाईल. तो बिलात लावा, समजावून सांगितलं तर गिऱ्हाईक देतं.

एवढं करूनही मशीन दुसऱ्याच्या हाती गेल्याची शंका आलीच, म्हणजे माउस आपोआप हलला, न उघडलेली काळी खिडकी चमकून गेली किंवा बँकेचा न केलेल्या व्यवहाराचा मेसेज आला, तर आधी इंटरनेटची वायर काढा. वायफाय असेल तर राउटर बंद करा. त्याच मशीनवर बसून पासवर्ड बदलू नका, दुसऱ्या फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या तासाभरात पैसे वाटेतच थांबवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. बँकेच्या शाखेलाही कळवा. सहीचं टोकन त्या मशीनला लावलेलं असेल तर ते प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला सांगून रद्द करून घ्या, नवं काढायला थोडा खर्च येतो. विंडोज नव्यानं घालायच्या आधी पोलिसांना मशीन पाहायचं आहे का ते विचारा, कारण पुसलेल्या डिस्कवरून फारसं काही सांगता येत नाही.